घासलेल्या फळीला तेल

मला सहसा राग येत नाही, पण पाचूबंदरच्या इनासवर आला तो अजून उतरलेला नाही. त्याच्या होडीच्या चिरलेल्या फळीवर फायबरचं ठिगळ लावायचं होतं. दोन दिवस पॉलिश पेपरने घासून मी फळी कोरडी, खरखरीत केली. सकाळी येऊन बघतो, तर फळी चकचकीत!

“हे काय केलंस रे?”

“लाकूड सुकं दिसलं, काका. आमचा बाप पाजायचा तसं माशाचं तेल पाजलं.”

“अरे, तेलावर ठिगळ धरनार कसं? भर समुद्रात सुटलं, पानी आत आलं, तर?”

“काय नाय होनार. तुमी लावा.”

“लावतो. पन पहिल्या फेरीला तुझ्या दोन्ही पोरांना न्यायचं.”

 इनासने स्वतःच पॉलिश पेपर उचलला.