सुभद्राबाईंचं खातं

मेंढ्यांच्या औषधासाठी डोंगरकड्याहून कळमनुरीला निघालेला मसाजी एसटीत डुलक्या घेत होता. पुढच्या बाकावर एक कॉलेजातली पोरगी अन् एक पोक्त बाई बोलू लागल्या, तशी त्याची झोप उडाली.

“मावशी, घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स चालू झालं का?”

“झालं की. तू दिलेल्या सीडीवरून लेकानं टाकलं. पण राधिका, मी हात लावत न्हाई बाई. त्याचं काही बिघडलं तर?”

“म्हणून तर तुमचं खातं येगळं करायचं. तुमी त्यात काय बी करा, त्याच्या फायलींना धक्का लागत न्हाई.”

“अन् हे बी फुकटच?”

“फुकटच. सीडी शेजारणीला बी देऊन टाका.”

“खात्याला नाव कोणतं देऊ?”

“तुमचंच, सुभद्रा. फक्त पासवर्ड असा ठेवा, की घरात कोणाला सुचणार न्हाई.”

“मग माहेरचं नाव ठेवते. लग्नात बदललं, तवापासून त्या नावानं कोणी हाक मारली न्हाई.”

“काकांना ठाऊक असंल की.”

“लग्नाच्या दिवशी होतं.”

“बरं, मला बी सांगू नका.”

“लिहिताना दिसंल का गं ते?”

“न्हाई मावशी. नुसते ठिपके दिसतात.”

“एकदा दिसलं असतं तर बरं वाटलं असतं.”

मसाजी खिडकीबाहेर बघत राहिला. आपल्या बायकोचं, शालूबाईचं, माहेरचं नाव काय होतं, हे कळमनुरी आली तरी त्याला आठवेना.