घोडी उतरेना

नाहूरच्या बसथांब्यावर अनुपमाच्या पुढे लाल कोटातला बँडवाला चंदर उभा होता. काखेत ट्रम्पेट, हातात स्पीकरवर लावलेला फोन. फोनवर पलीकडे खेचरप्रेमी मंडळाच्या हेमांगीबाई. अनुपमाने आलेली बस खुशाल जाऊ दिली.

"चंदरदादा, घोडी टेम्पोतून उतरेना हो. पाय सुजलाय, डॉक्टर खोळंबलेत."

"लग्नसराई संपली आणि मालकाने पुलाखाली सोडली, सुजणारच. सकाळी मी वाजवलं तेव्हा चढली ना?"

"आमची खेचरं गूळ दाखवला की उतरतात."

"खेचर कधी वरातीत गेलंय का, मॅडम? फोन तिच्या कानाशी धरा."

त्याने रांगेतच ट्रम्पेट तोंडाला लावलं. रांगेतली माणसं आपसूक बाजूला सरकली.

"उतरली! पण ओढ घेतेय हो. पळाली तर पाय कायमचा जाईल!"

"पुढे कोण नाचतंय?"

"नाचतंय?"

"पुढे माणसं नाचत असली की ती हळू चालते. सवयच आहे तिला."

"इथे फक्त मी आणि आमचे अध्यक्ष आहोत!"

"मग नाचा की!"

"अहो, अध्यक्षांचे दोन्ही गुडघे गेलेत."

"झकास. तेवढाच स्पीड पाहिजे."