मंत्र्याची नक्कल

आमी ढिवर, सिंदेवाहीकडले. तलावात जाळं टाकाचं न् धानाच्या रोवण्यात मजुरीले जाचं, हेच बापानं केलं न् मीबी तेच करून राह्यलो. पण दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली का मी राजा, काऊन का रातच्या दंडारीच्या नाटकात माह्यासारखी नक्कल कोणाले येत नाई. आता आमच्या इथचा रिवाज असा आहे भाऊ, का ज्याची नक्कल काढाची त्याले समोर बसवाचं, सरपंच असो का फारेस्टचा साहेब असो, तोच सगळ्यात जास्त हासते न् वरून बक्षीस देते. ज्याची नक्कल निंघत नाई तो रुसते, म्हणते काऊन गा, मी का मेलो होतो काय.

तं मुंबईची एक बाई आली, जंगलाचा न् खाणीचा सिनेमा काढाले. मले म्हणे भाऊ, मंडईत करता तसंच करा. मी मंत्र्याची नक्कल काढली, खाणबी देतो न् जंगलबी राखतो म्हणत, हात जोडत जोडत मागं सरकणाऱ्या मंत्र्याची. मले वाटलं तो पाहीन, हासन, एखांदा नारळ तरी धाडन. काय सांगू तुमाले, असा येडा मी! तो कुठी समोर बसला होता?

त्या नक्कलेपाई सिनेमा सेन्सारात अटकला. मंग साध्या कपड्यातले दोघं पोलीस सरपंचाकडे आले, इचारे, हा माणूस जंगलात कोणाले भेटते, कोणाले भाकरी देते. आमच्या इकडे हा सवाल म्हणजे नक्षलवाल्याचा माणूस म्हणून नाव लागाचं, ते तुमाले शहरात नाई समजाचं. त्यात पोट्टी माही, सुनंदा, पोलीस भरतीत धावली, पेपरात पास झाली, फक्त घरची चौकशी बाकी होती. तिची माय म्हणे, पोरीच्या अन्नात तुमीच माती कालवली.

मी बाईले फोन केला, बाई, माही नक्कल काढून टाका. ती म्हणे भाऊ, तेच तं सिनेमाचं काळीज आहे, आपण कोर्टात लढू. मी म्हटलं तुमी मुंबईत लढान बाई, आमाले इथी राहाचं आहे. मंग ती रडली, न् कापलं तिनं. सिनेमा पास झाला. लोकं सांगतात का मी आहो त्यात, जाळं टाकतो, बोलत नाई. मी पाहाले गेलो नाई.

सुनंदाच्या नोकरीचा हुकूम आला, देवाची किरपा. औंदा मंडईले सुट्टीवर आली, समोर बसली न् सगळ्यांदेखत म्हणे, बाबा, आज पोलिसाची नक्कल काढा, माहीच काढा. लोकं टाळ्या पिटून राह्यले. मी उभाच. मले समोर पोट्टी दिसेचना भाऊ, ते साध्या कपड्यातले दोघंच दिसले. देवीचं गाणं म्हटलं न् खाली उतरलो.

सुनंदा रुसली, जेवली नाई. सुखी राहो माय माही, नोकरी टिको तिची. पण ती घरी आली का मी तोलून बोलतो. पोटच्या पोरीले भेतो मी, हे तेवढं तिले सांगू नका.