सरबत प्यायलेल्यांनी मला ओळखलं

सन्माननीय अध्यक्ष गंगाधरराव, व्यासपीठावरची थोर मंडळी, आज ज्यांना निरोप द्यायचा ते आपले अवधूत सर, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी चारुशीलाबाई, आणि खुर्ची मिळाली नाही म्हणून भिंतीला टेकलेली पोरं, सगळ्यांना या भामाबाईचा नमस्कार.

मी दुसरी शिकलेली. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत चहा देते. सरांबद्दल दोन शब्द बोला म्हणालात. चार बोलणार, राग मानू नका.

सर लय गुणी. आवाज कधी चढवला नाही, कपात चहा कधी शिल्लक ठेवला नाही. त्यांनी एक प्रयोग काढला: दारू प्यायलेल्या माणसाला डोळ्यांदेखत घडलेलं कितपत आठवतं? रीतसर परवानगी काढली आणि आपल्याच भागातले, फौजेतून पेन्शनीत आलेले गडी बोलावले. अर्ध्यांच्या ग्लासात रम, अर्ध्यांच्या नुसतं सरबत. पण काठाला रमचं बोट फिरवलेलं सगळ्यांच्याच, म्हणजे आपल्याला काय मिळालं ते कुणाला कळू नये. एक जण तर सरबतावरच झिंगून गाणी म्हणायला लागला. हसा, मीही हसले होते.

मग तिथं चोरी व्हायची. चोर कोण? ही काय, तुमच्यापुढं उभी आहे. सरांच्या मदतनीस वल्लरीताईंची पर्स टेबलावरून उचलायची, पदराखाली घालायची आणि चालू लागायचं. आठवड्यानं त्या गड्यांना फोटो दाखवायचे, यातली चोर कोण? बाकीचं आम्ही बघतो, असं सांगून घरी पाठवायचं.

मी आधीच विचारलं होतं, "आवं सर, माझी बदनामी न्हाई ना व्हायची?"

सर म्हणाले, "आजी, आत्ता सांगितलं तर पुढच्यांना बातमी लागेल. सगळं आटोपलं की प्रत्येकाला मी स्वतः सांगेन, ते नाटक होतं म्हणून. माझा शब्द."

पटलं मला. सरांचा शब्द, का नाही पटणार?

प्रयोग आटोपून दोन दिवाळ्या झाल्या. सर दिल्लीला निबंध वाचून आले, पदक घेऊन आले. शब्द तेवढा राहिला.

आणि तऱ्हा बघा. रम प्यायलेले गडी बाजारात भेटले की रामराम घालतात. मी त्यांच्या ध्यानातच नाही. सरबत प्यायलेले मात्र पिशवी छातीशी धरतात. मला बुडवलं ते शुद्धीतल्या माणसांनी. सरांच्या कानावर घातलं तर खूश झाले. म्हणाले, "अजून अचूक ओळखतात की!"

माझ्या नातीचं, संयोगिताचं, इस्लामपूरला ठरत आलं होतं. बैठकीला मुलाचे मामा आले, सुभेदार लालासाहेब. मी पोहे घेऊन बाहेर आले. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि बशीला हातच लावला नाही. "उठा रं. ह्या म्हातारीनं माझ्यादेखत पर्स मारलीया."

मी म्हणाले, "आवं, ते नाटक होतं."

"चोर दुसरं काय म्हणणार?"

बरोबरच आहे. मी तरी काय म्हणाले असते?

बैठक मोडली. मी सरांच्या दारात गेले. "एकदा इस्लामपूरला चला, खरं काय ते सांगा." सर म्हणाले, "प्रयोगाला कोण आलं होतं ते उघड करता येत नाही, आजी. नियम आहे." बघणाऱ्यांना झाकायला नियम आहे. मग मला झाकणारा नियम कुठं गेला होता?

अध्यक्ष चिठ्ठी सरकवतायत. मला वाचायला वेळ लागतो, तेवढ्यात संपवते.

सर, उद्या तुम्ही कायमचे पुण्याला. आज ते सगळे गडी तुमच्या सत्काराला आलेत. सुभेदार तिसऱ्या रांगेत आहेत, भाच्यासकट. सुभेदार, तुमच्यावर राग नाही. दिसलं ते सांगितलंत. सर, नाव मी घेतलं, तुम्ही तुमचा नियम मोडला नाही. तुम्ही एवढंच म्हणा: भामाबाईनं चोरी केली नाही, मी तिला करायला लावली.

मला बोलू दिलंत, सगळ्यांची आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक गेलं असेल तर म्हातारीला माफ करा. सरांना माफ करायचं का, ते त्यांचं ऐकून ठरवा.

घ्या सर, माईक. मी इथंच उभी आहे.