मावशीच्या रॅकवरचं चौथं फूल

काका, इरा, आणि आज इथं जमलेल्या सगळ्यांनो,

मी घरून लिहून आणलं होतं. चांगली दोन पानं. पण आता चष्मा ओला झालाय आणि अक्षरं दिसत नाहीयेत. तेव्हा कागद बाजूला ठेवते. मावशीला तसंही वाचून दाखवलेलं आवडायचं नाही. तोंडानं बोल, म्हणायची.

मी मुग्धा. मावशीच्या घरापासून दोन वळणं सोडून राहते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना शुभामावशी मंडळाच्या नाटकांमुळे माहीत असेल, कुणाला तिच्या हातच्या पुरणपोळीमुळे. मला ती माहजाँगमुळे मिळाली.

हसलात तरी चालेल. ती पण हसली असती.

ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. फोनवर एकट्यानं बसून जोड्या जुळवतात, तो खेळ हा नव्हे. हा चौघींनी टेबलाभोवती बसून खेळायचा. मूळचा चिनी, पण इथल्या अमेरिकन बायकांनी तो घेतला आणि आपल्या पद्धतीनं पार बदलून टाकला. पत्त्यांऐवजी जाडजूड टाइल्स असतात, त्या प्रत्येकीनं आपल्यासमोरच्या रॅकवर, म्हणजे एका लांब पट्टीवर, उभ्या लावायच्या. पत्त्यांतल्या रमीची थोरली बहीण समजा. कुठकुठले हात, म्हणजे टाइल्सचे ठरावीक संच, लावायचे ते एका कार्डावर छापलेलं असतं, आणि ते कार्ड दरवर्षी वसंतात बदलतं. म्हणजे वर्षभर घासून जे शिकलात, ते एप्रिलमध्ये गेलं. पुन्हा सगळ्या जणी नवशिक्या. मावशीला हे फार आवडायचं. म्हणायची, आयुष्यात कुठं मिळतं असं?

तिला हा खेळ शिकवला जोननं. जोन, दुसऱ्या रांगेत बसलीये, मावशीची शेजारीण. जोनला मराठी येत नाही. मी तिला काल विचारलं, इंग्लिशमध्ये बोलू का? ती म्हणाली, "नो, हनी. टॉक टू हर." तर मी मराठीत बोलतेय. मावशीशीच बोलतेय असं समजा.

मी इथं, या कॅरी गावात, नवीन आले तेव्हा वर्षभर कुणाशी बोलले नव्हते. नवऱ्याशी, आणि कामाच्या कॉलवर, बस. इथंच, या क्लबहाउसच्या पार्किंगमध्ये, मावशीनं मला अडवलं. गुरुवारी दुपारी काय करतेस? मी म्हटलं, मावशी, ऑफिस असतं हो. म्हणाली, कॅन्सल कर, आणि मला अहो-जाहो करू नकोस, मी काही तुझी सासू नाही. माझ्या ऑफिसला आजही वाटतं की गुरुवारी माझी फिजिओथेरपी असते.

मग रेवती आली. रेवती नागपूरची, इथं पीएचडी करते. आम्ही चौघी झालो. मावशी, जोन, रेवती आणि मी. मी मावशीच्या बरोबर समोर बसायचे. काका किचनमध्ये. चहा त्यांचा, आणि मधेमधे आतून खाकरणं त्यांचं.

मी वाईट खेळायचे. खरंच वाईट. पहिल्या टाइल्स हातात आल्या की एक हात ठरवायचे आणि त्यालाच चिकटून बसायचे. मावशी माझ्या चेहऱ्याकडे बघून ओळखायची. एकदा म्हणाली, "सोड गं तो हात. नवरा आहे का तो?" आतून काका खाकरले. तेव्हापासून मी हात सोडायला शिकले. कोण काय टाकतंय ते बघायला शिकले. टाइल टाकताना तिचं नाव मोठ्यानं, स्पष्ट घ्यायचं, हा या खेळाचा नियमच आहे. टू बॅम, म्हणजे दोन बांबू. फोर डॉट, म्हणजे चार ठिपके. मी पुटपुटायचे. मावशी म्हणायची, तोंडातल्या तोंडात नको, टाकतेयस ना? मग सांगून टाक.

आणि फुलं. या खेळात फुलांच्या टाइल्स असतात. डाव सुरू व्हायच्या आधी आपल्याला नको असलेल्या तीन-तीन टाइल्स एकमेकींना द्यायच्या असतात. आधी उजवीकडे, मग समोर, मग डावीकडे. याला चार्ल्सटन म्हणतात. मावशीनं मला शिकवलेली पहिली गोष्ट ही, की काहीही दे, फूल देऊ नकोस. फूल कधी कुठं लागेल सांगता येत नाही. मी एकदा दिलं. तिनं ते उचललं, माझ्याकडे बघितलं, आणि त्याच फुलावर डाव जिंकला. मग म्हणाली, थँक्यू हं.

आणखी एक सांगते, कारण त्याचा पुढं संबंध आहे. एकदा मी घाईघाईनं, डाव जिंकला असं समजून, 'माहजाँग' म्हणून हात उघडला, आणि तो चुकीचा निघाला. अशा वेळी तुमचा हात डेड होतो. मग टाइल उचलायची नाही, टाकायची नाही. मी तोंड पाडून उठायला लागले, तर मावशीनं माझं मनगट धरलं. "हात मेला म्हणून उठून जायचं नसतं. बस. बाकीच्यांचा डाव होईपर्यंत बसायचं." मी बसले. मला तेव्हा राग आला होता.

फेब्रुवारीत मावशी गेली. सकाळी चहा ठेवला, टेबलाशी बसली, आणि काका पेपर घेऊन येईपर्यंत संपलं होतं. आमच्या ग्रुपवर तिचा शेवटचा मेसेज आहे, 'गुरुवारी पोहे करू की थालीपीठ?' रेवतीनं त्यावर 'पोहे' असं उत्तर पाठवलं. ते पाठवलं तेव्हा मावशी नव्हती. रेवतीला माहीत नव्हतं. ते उत्तर तसंच आहे तिथं. आम्ही कुणी त्या ग्रुपवर त्यानंतर काही लिहिलेलं नाही.

आता जे सांगणार आहे ते मी घरी पण सांगितलेलं नाही.

मला तिचा आवाज येतो. मी औषधांच्या चाचण्यांचे आकडे तपासते, तेच माझं काम आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये कार्ट ढकलत असताना मागून स्पष्ट येतं, टू बॅम. आणि मी थांबते. घाबरून नाही थांबत. मला हवंय का ते टू बॅम, हे बघायला थांबते. मग आठवतं.

मला वाटलं होतं, हे माझं एकटीचं आहे. मग मार्चमध्ये काकांचा फोन आला. म्हणाले, मुग्धा, गुरुवारी दुपारी डायनिंग रूममधून टाइल्स कालवल्याचा आवाज येतो. मी जाऊन बघतो. कुणी नसतं. मी विचारलं, काका, भीती वाटते का? म्हणाले, भीती कसली. आवाज थांबतो त्याची वाटते.

आणि मग म्हणाले, तिचं नवीन कार्ड आलंय पोस्टानं, तिच्या नावानं. तिनं डिसेंबरमध्येच मागवून ठेवलं होतं. मी ते तिच्या रॅकवर ठेवलंय. तुम्ही या.

आम्ही गेलो. बाहेर सगळ्या गाड्यांवर पाइनच्या परागांचा पिवळा थर बसला होता, दरवर्षी बसतो तसा. आत टेबल मांडलेलं. चार रॅक्स. माझ्या समोर, मावशीच्या रॅकवर, कार्डाचं न फोडलेलं पाकीट. मी म्हटलं, काका, तिघींत हा खेळ नीट होत नाही. चार्ल्सटन होत नाही. चौथी लागते. काका किचनच्या दारात उभे होते. ते म्हणाले, "हात मेला तरी बसून राहतात ना तुमच्यात? मग तिलाही बसू दे."

इतकी वर्षं आतून ऐकत होते ते. सगळे नियम ऐकत होते.

तर आम्ही तिला हात वाटला. मावशीच्या रॅकवर तिच्या टाइल्स लावल्या, कुणी न बघता. तिच्या वतीनं द्यायला काका बसले, खुर्चीच्या बाजूला, स्टूलवर. खुर्चीवर बसले नाहीत. ठरलं असं, की तिला आलेल्या टाइल्स डाव्या टोकाला लावायच्या, आणि तिनं द्यायच्या त्या उजव्या टोकाच्या काढायच्या, उलट्याच, न बघता. उजवीकडे दिल्या. समोर दिल्या. डावीकडे दिल्या. आमच्यापैकी प्रत्येकीची एक-एक वेळ आली तिला द्यायची. मग आम्ही तिघींनी डाव खेळला. मी टाइल टाकताना नाव मोठ्यानं घेतलं. मावशीची पाळी आली की आम्ही जरा थांबायचो आणि मग पुढं जायचो. डाव कोण जिंकलं ते आठवत नाही. जोन, बहुतेक.

शेवटी रेवती म्हणाली, मावशीचा हात बघायचा का?

काकांनी रॅक आमच्याकडे वळवला. कशाचंच काही नव्हतं. एकही हात लागेल असं नव्हतं. मला काय वाटलं होतं कोण जाणे, पण त्या पसाऱ्याकडे बघून मला पहिल्यांदा नक्की कळलं की ती गेली. ती असती तर असा हात तिनं ठेवलाच नसता.

पण त्यात फुलं होती. डाव्या बाजूला तीन. एक माझं होतं. मी मुद्दाम दिलं होतं. मला लागत होतं, तरी दिलं. मी म्हटलं, सॉरी, एक मी दिलंय. रेवती म्हणाली, मी पण. जोननं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. तिघींनी, एकमेकींना न सांगता, मावशीची पहिली शिकवण मोडली होती. फोटोला वाहतात तशी फुलं वाहून आलो होतो आम्ही. माहजाँगमध्ये.

आणि चौथं होतं उजव्या टोकाला. आमच्यापैकी कुणाचंच नव्हतं. तिला पहिल्यांदा वाटलेल्या टाइल्सपैकी ज्या शेवटी राहिल्या, त्यांत ते होतं. तीनदा टाइल्स गेल्या त्या रॅकवरून, आणि ते गेलं नाही.

मला माहीत आहे हे असं होऊ शकतं. याची शक्यता किती, ते मला पाच मिनिटांत काढता येईल. मी ती काढलेली नाही. काकांकडे बघितलं, तर म्हणाले, मला कुठं कळतंय त्यातलं. काका, तुम्ही बघितलंत का हो? हळूच बघून ते मागं ठेवलंत का? नका सांगू. मला दोन्ही उत्तरं नकोत.

आता आजचं. जोननं परवा विचारलं की तिच्या चर्चमधली एक बाई खेळते, तिला बोलवूया का. मी फटकन नाही म्हटलं. त्या खुर्चीवर कुणी बसायचं नाही, म्हटलं. जोनला वाईट वाटलं. ती मला नंतर एवढंच म्हणाली, की तिची आई गेली तेव्हा आईच्या खुर्चीवर कुणी बसलं नाही, आणि महिन्याभरात ते टेबलच गेलं. मी रात्रभर चिडले तिच्यावर. कारण तिचं बरोबर होतं. रिकाम्या रॅकबरोबर एकदा खेळता येतं. दुसऱ्यांदा तो नुसता रिकामा रॅक असतो. आणि आम्ही थांबलो, तर गुरुवारी दुपारी त्या घरात फक्त काकांना ऐकू येणारा तो आवाज तेवढा उरेल.

मला ती जायला नको आहे, हे मी सरळ सांगते. मला अजून पार्किंगमध्ये टू बॅम ऐकू यायला हवंय. कुणी त्या खुर्चीवर बसलं की ते थांबेल, याची मला भीती वाटते. मी पुन्हा त्याच जुन्या हाताला चिकटून बसलेय. तुम्हाला माहीतच आहे ती काय म्हणाली असती.

म्हणून काका, सगळ्यांसमोर विचारते, म्हणजे तुम्हाला खाकरून आत जाता येणार नाही. गुरुवारी तुम्ही बसाल का तिथं? स्टूलवर नाही. खुर्चीवर. नियम तुम्हाला सगळे ऐकून माहीत आहेत. चित्रं ओळखायला आम्ही शिकवू. नवीन कार्ड सुरू झालंय, आम्ही तिघी पण नवशिक्याच आहोत. तिचं पाकीट तुम्ही फोडायचं. चहा रेवती करेल, तो वाईट होईल, आपण पिऊ.

इरा मघाशी मला म्हणाली, "बाबा हॅज नेव्हर प्लेड एनिथिंग." इरा, तुझ्या आईनं मला पण असंच धरून आणलं होतं.

शेवटचं. तुम्ही सगळ्यांनी येताना फोटोला फुलं वाहिलीत. मी पण एक आणलंय. हे बघा. तिच्या सेटमधलं आहे. ते चौथं. काकांना न विचारता आणलंय. आपण उभं राहून तिच्यासाठी शांत राहू या, तेवढा वेळ मी हे फोटोसमोर ठेवते. त्या शांततेत कुणाला काही ऐकू आलं, तर येऊ द्या.

आणि मग काका, तुम्ही ते उचलून खिशात घाला. तिथं ठेवून जायचं नाही. फूल कुणाला द्यायचं नसतं. आणि एक जरी टाइल कमी पडली, तर गुरुवारी डाव मांडता येणार नाही.

उभे राहू या.