आरतीच्या चालीवर पळालेली पलटण

हसू नका, पण त्या दिवशी कल्याणात मला तुरुंगच दिसत होता. हलत्या चित्रांच्या तंबूत यंत्राचं हँडल फिरवायचं काम माझ्याकडे. माझा हात कधी रेंगाळायचा, कधी धावायचा, म्हणून मालक वैतागून म्हणाले, "अरे, मनात एखादी चाल धर!" मी गणपतीची आरती धरली.

पडद्यावर गोऱ्यांची पलटण ऐटीत चालत होती. पुढच्या खुर्चीत खुद्द मामलेदार. आरती शेवटाकडे आली, आणि शेवटाला आपण सगळे कशी घाई करतो, ठाऊक आहे ना? माझा हात धावला आणि पलटण पळायला लागली!

मागून कोणीतरी ओरडलं, "गोरे पळाले रे!" तंबूभर टाळ्या पडल्या. टाळ्या ऐकून माझा हात आणखीच सुटला. मालक घाबरून यंत्राची चाकं चाचपायला लागले, पण दोष चाकांत होता कुठे?

खेळ संपताच मामलेदारांनी मला बाजूला घेतलं. "पलटण का पळाली?"

मी आरतीचं खरं ते सांगून टाकलं.

ते हसले नाहीत. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "उद्या कलेक्टरसाहेब यायचेत. उद्या संथ भूपाळी म्हण."