अंगठ्याखालचा आकडा

स्वीडनमधल्या उप्सालाच्या कायदा ग्रंथालयाच्या कँटीनमध्ये, तिथल्या रिवाजाप्रमाणे, गुरुवारी वाटाण्याच्या सुपासाठी रांग लागते. माझ्यापुढे एक तरुण वकीलबाई आणि एक म्हातारे गृहस्थ उभे होते.

"केस कसली आहे तुझी?"

"ओढ्यावरच्या बंधाऱ्याची, आजोबा. जुना निकाल हवाय. एका साइटवर बंधाऱ्याची उंची तीन फूट, दुसरीवर आठ. दोन्हीकडे कुणीतरी आपलं टाइप करून टाकलंय."

"मग मूळ पानाचा फोटोच बघायचा."

"कोर्टालाही तोच लागतो. इथे ते पुस्तक स्कॅन केलेलं आहे, पण नेमका आकड्यावरच स्कॅन करणाऱ्याचा अंगठा आलाय. असा वैताग आला म्हणून सांगू."

"डावा का?"

"हो, डावाच. नख वाकडं आहे."

"गाडीच्या दारात सापडलं होतं."

"कुणाचं?"

"गुनेलचं. माझी बायको. इथेच कामाला होती, गेल्या हिवाळ्यात गेली. काचेखाली दाबलं की जुन्या पुस्तकाची शिवण उसवते म्हणायची. पान हातानंच धरायची."

"मला माहीत नव्हतं हो. रागावू नका."

"छे गं. आकडा झाकला, चूक तिचीच. आता काय करणार?"

"सोमवारी ते पान नव्यानं स्कॅन करणारेत. जुनं काढून टाकतील, नाहीतर लोक तेच कोर्टात जोडतात."

"सोमवारी."

"तुम्हाला आजच पाठवू का? तेवढा अंगठ्याचाच भाग कापून देते."

"नको, अख्खं पान पाठव. कापलेली पानं तिला खपायची नाहीत."